दोरीपलीकडचा झेल

कॉल्डरटन, ओहायो
१० सप्टेंबर १९०७

प्रिय लव्हिनिया,

तुझ्या अंगणातल्या सफरचंदांवर लाली चढली असेल, मुरंब्याची मोठी कढई तू घासून पालथी घातली असशील, हे सगळं मला इथूनही दिसतं. पण आज सफरचंदांविषयी एक अक्षर लिहिणार नाही. अगं, आमच्या गावाला वेड लागलं आहे, आणि त्या वेड्यांच्या रांगेत तुझा म्हातारा भाऊ सर्वांत पुढे आहे!

एकवीस तारखेला, शनिवारी, आमच्या कूपर्सचा बेसबॉलचा सामना हॅरो फॉल्सच्या मिलर्सशी. तसा हा हंगामातल्या इतर सामन्यांसारखाच एक. पण आमचे पिंपं बनवणारे गडी सध्या सगळ्यांत वर आहेत आणि ते पीठ दळणारे आमच्या टाचेला टाच लावून चालले आहेत. जो जिंकेल तो पहिला! न्हाव्याच्या दुकानात दुसरा विषय नाही. चर्चमध्येही प्रार्थनेच्या वेळी लोकांचे डोळे मिटलेले आणि ओठांवर पिचरचं नाव.

आणि त्या पीठवाल्यांच्या मधल्या मैदानात, लांब, कुंपणाच्या अलीकडे कोण उभा असतो? आपला थॅड! तुला आठवतं, तू त्याला मांडीवर घेऊन माझ्या शाळेच्या पायरीवर बसायचीस? आत पोरं एका सुरात कविता म्हणायची आणि हा बाहेर प्रत्येक चरणाच्या शेवटी टाळी वाजवायचा. यमक त्याला चालण्याआधी कळलं. चेंडू कुठे पडणार हे त्याला आधी कळतं, ते त्यातूनच आलं असं माझं प्रामाणिक मत आहे. तू हसशील. हस.

लाकडी स्टँडवरच्या जागा आताच संपल्या. आम्हा उरलेल्यांना मैदानातच उभं करतात, कुंपणाच्या अलीकडे दोरी बांधून, तिच्यामागे. चेंडू दोरीपलीकडे गर्दीत आला की फलंदाजाला दोन बेस, म्हणजे धावेच्या चार टप्प्यांतले दोन फुकट, आणि त्याच्या पुढे जे धावत असतील त्यांनाही दोन. खेळाडूने गर्दीत शिरून झेल घेतला तर मात्र बाद. आता आमचा एक रिवाज आहे, तो कुठे लिहिलेला नाही. आपला खेळाडू झेलासाठी धावत आला की आम्ही दार उघडावं तसे बाजूला होतो. परका आला की खांद्याला खांदा लावून भिंत. ढकलायचं नाही, हात लावायचा नाही. नुसतं हलायचं नाही.

तीस वर्षं मी कूपर्सचा आहे, लव्हिनिया. भाचा असला तरी त्या दिवशी तो शत्रू. मनातून त्याला आशीर्वाद देईन आणि तोंडाने शिव्या.

तुझा,
ऑर्लँडो


स्टोनी फोर्क
१४ सप्टेंबर

प्रिय दादा,

पत्र मिळालं. एकेका पानावर तू किती उद्गारचिन्हं सांडतोस! तुझ्या शाळेतल्या पोराने एवढी दिली असती तर तू त्याला बाकावर उभं केलं असतंस.

थॅडने तुला एक गोष्ट सांगितलेली दिसत नाही, म्हणून मी सांगते. वसंतात तो निघाला तेव्हा आमच्या दोघांत एक ठरलं. माझा हायरम गेल्यापासून शेत मी एकटीने ओढते आहे. मी म्हटलं, हे एक वर्ष खेळ. त्या लोकांनी पुढच्या वर्षासाठी तुला ठेवलं तर जा, मी तोंड उघडणार नाही. नाही ठेवलं तर मका सोलायच्या आत घरी ये, आणि परत त्या चेंडूचं नाव काढू नकोस. त्याने माझ्या हातावर हात मारला. आता तो लिहितो की मॅनेजरचं अजून ठरत नाही. तुमच्याकडचा सामना बघून तो काय ते सांगणार आहे.

तेव्हा तुझे पिंपवाले जिंकू देत. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्या बाजूने आहे, साजरं कर. त्याने झेल सोडावा अशी मी प्रार्थना करत नाही. देवाला असल्या गोष्टी सांगू नयेत. पण सोडलाच तर मी रडणार नाही.

त्याची खोली मी रंगवून घेतली. फिकट निळी. तुला एवढ्यासाठी सांगते की तू त्याला भेटशील तेव्हा उगाच त्याच्या डोक्यात काव्य भरू नकोस. माझ्या पोराला जमिनीवर राहू दे. आकाशाकडे बघत पळणाऱ्या माणसाला बायकोसुद्धा मिळत नाही.

लव्हिनिया


कॉल्डरटन
१७ सप्टेंबर

प्रिय लव्हिनिया,

तुझं पत्र तीनदा वाचलं. खोलीच्या निळ्या रंगाशी आलो की दर वेळी थांबलो. अगं, मला हे काहीच ठाऊक नव्हतं.

ठीक आहे. तू त्याच्या हरण्याच्या बाजूने, मी कूपर्सच्या जिंकण्याच्या बाजूने. बहीणभावाचं एकदा तरी जुळलं म्हणायचं! तरी काल संध्याकाळी व्हरांड्यात बसलो होतो, आणि कारखान्यातून ताज्या ओक लाकडाचा वास येत होता, तेव्हा मनात आलं की बिचाऱ्या पोराच्या बाजूने मग आहे कोण?

जाऊ दे. मी मधल्या मैदानाच्या मागे, दोरीपाशी उभा असेन. शेजारी ऑगस्ट ड्रेहर, तो पिंपांवर लोखंडी पट्टे ठोकणारा. एके काळी माझा विद्यार्थी होता. आज त्याचा एक दंड माझ्या कमरेएवढा आहे. भिंतीत तो मोठा दगड आणि मी मधली चुन्याची रेघ.

ऑर्लँडो


कॉल्डरटन
२२ सप्टेंबर, रविवार

प्रिय लव्हिनिया,

आज रविवार आहे आणि तू मला चेंडूचं पत्र लिहिल्याबद्दल रागावशील. पण उद्यापर्यंत थांबलो असतो तर मी फुटलो असतो!

काय तो दिवस! आकाश धुतल्यासारखं. सकाळपासून गाड्या, घोडे, सायकली. बायकांच्या टोप्यांवर एवढी फुलं की मधमाश्या फसाव्यात. शेंगदाण्यांच्या टरफलांवर आम्ही अक्षरशः उभे होतो. थॅड आमच्या दोरीसमोर येऊन थांबला तेव्हा सगळ्यांनी त्याची काय हजेरी घेतली! ऑगस्ट ओरडला, "ए पीठवाल्या, तुझ्या आईने तुला चाळून पाठवलं का रे?" थॅड मागे न बघता म्हणाला, "चाळलं, आणि कोंडा इकडे दोरीमागे पडला." आम्ही सगळे हसलो. शत्रूच होता, पण हसलो.

त्याने मला पाहिलं नाही असं मला वाटलं. तिसऱ्या इनिंगनंतर तो मागे सरकत सरकत आला आणि आकाशाकडे बघतच म्हणाला, "मामा, टोपी घाला. ऊन लागेल."

काय सांगू, कसा सामना झाला! एकच चेंडू पहिल्यापासून. सातव्या इनिंगपर्यंत तो तंबाखूच्या थुंकीने आणि मातीने इतका काळा झाला की संध्याकाळच्या उन्हात फलंदाजांना नुसता त्याचा आवाज येत असेल. कधी ते पुढे, कधी आम्ही. शेवटी आमची अखेरची इनिंग आली तेव्हा त्यांच्या चार धावा, आमच्या तीन. तीनपैकी दोन गडी बाद. पण दुसऱ्या बेसवर आमचा एक आणि तिसऱ्यावर एक! आणि बॅट घेऊन आला आमचा कोनराड झाइट्झ, ज्याच्या फटक्याने गेल्या जूनमध्ये घड्याळाची काच फुटली होती. चेंडू एकदा का आमच्या दोरीपलीकडे आला की दोघेही घरी, दोन धावा, आणि कॉल्डरटन पहिलं!

झाइट्झने मारला. अगं, तो आवाज! चांगल्या कवितेची पहिली ओळ ऐकताना होतं तसं झालं: पुढचं अजून आलेलं नसतं, पण ते येणार हे छातीला कळतं. चेंडू वर, वर, आणि सरळ आमच्याकडे. थॅडने पाठ फिरवली आणि दोरीकडे धावत सुटला.

तेवढ्यात गर्दीत कोणीतरी बाजूला झालं, मध्ये फट पडली, आणि थॅड त्यातून आत गेला. थोडा वाद झाला. पंचाने बाद दिलं. आम्ही हरलो.

माझा घसा बसला आहे आणि मन हवेत उडतं आहे, दोन्ही एकदम. पुढचं सगळं थॅडच सांगेल.

ऑर्लँडो


स्टोनी फोर्क
२५ सप्टेंबर

प्रिय दादा,

झाइट्झच्या फटक्यावर तू सगळा जीव ओतलास, आणि ज्यासाठी मी पत्र उघडलं ते एका वाक्यात उरकलंस. "कोणीतरी बाजूला झालं." कोणीतरी म्हणजे कोण, दादा?

मला विचारायचा हक्क आहे, कारण मी तिथे होते. तिथे म्हणजे पार्डीला, वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर. अंडी विकायला गेले होते असं लिहायचं ठरवलं होतं. पण शनिवारी अंड्यांचा बाजार नसतो हे तुलाही माहीत आहे. घोडी जुंपली आणि गेले, बस.

त्यांनी वरच्या खिडकीशी मोठा फळा लावला होता. आत तारेवर टिक टिक वाजे, एक माणूस कर्ण्यातून ओरडे आणि दुसरा खडूने लिही. खाली चौकभर माणसं. माझ्याशेजारी आपल्या चर्चचे डीकन व्हिटमोर. मला बघून म्हणाले, "बाई, तुम्ही इथे?" मी म्हटलं, "तुम्ही इथे आहात ते मी पाहिलेलं नाही. तुम्हीही मला पाहू नका." त्यांनी आज्ञाधारकपणे मान वळवली.

मी गेले होते तो हरलेला बघायला. हे मी तुलाच सांगते. आणि पहिल्यापासून त्याचं नाव कर्ण्यातून आलं की मी टाचा उंचावून फळ्याकडे बघायचे. दहा-वीस अनोळखी माणसांच्या तोंडी माझ्या हायरमचं आडनाव! "बॅस्कमने झेल घेतला." "बॅस्कम पहिल्या बेसवर." मला वाटत होतं, जरा हळू बोला, तो माझा आहे.

मग ते शेवटचं. कर्णेवाला ओरडला, "चेंडू उंच! मध्यात! बॅस्कम मागे धावतो आहे! गर्दीत गेला!"

आणि तार थांबली.

काही नाही. टिक नाही, टक नाही. फळ्यापाशी खडू धरलेला हात तसाच वर. सगळा चौक त्या हाताकडे बघत उभा. तेव्हा मी ओरडले, दादा. "धाव, थॅड! धाव रे!" कुठे धाव? तो केव्हाच धावून झाला होता. पण मी ओरडत राहिले. माझी टोपी मागे लोंबत होती आणि डीकनांची बाही माझ्या मुठीत होती. ती खांद्यापाशी उसवली. मी शिवून देते म्हटलं आहे.

मग कर्णा पुन्हा बोलला: "पंच दोरीपाशी चालत गेला आहे... एका पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याला काहीतरी विचारतो आहे." चौकात लोक हसले, म्हातारा कोण म्हणून. मी नाही हसले. त्या गावात उन्हात टोपी न घालणारी पांढरी दाढी एकच आहे.

आता लिही. सगळं लिही. आणि त्याला ठेवलं की नाही तेही. मी मका सोलायला घेतलेला नाही.

लव्हिनिया


कॉल्डरटन
२८ सप्टेंबर

प्रिय लव्हिनिया,

पकडलंस. लहानपणी मी साय खाल्ली की तू माझ्या ओठावरची सायीची मिशी बघायचीस, तशीच अजून बघतेस.

मीच तो.

चेंडू आमच्याकडे येत होता आणि ऑगस्ट ओरडला, "मास्तर, पाय रोवा! भिंत!" मी पाय रोवले. सगळ्यांनी रोवले. खांद्याला खांदा लागला. माझ्या मनात त्या क्षणी तुझी निळी खोली होती, आणि आमच्या गावाचा पहिला क्रमांक होता. म्हणजे जे जे होतं ते मला तिथेच उभं राहा म्हणत होतं. तेवढ्यात थॅडने डोक्यावरून येणारा चेंडू बघायला मान वर केली आणि त्याचा चेहरा माझ्यासमोर आला. त्याला आम्ही दिसतच नव्हतो, लव्हिनिया! ना दोरी, ना भिंत, ना मामा. पहिल्यांदा एखादी कविता पाठ न करताच तोंडी आली की मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते चाळीस वर्षांच्या शाळेत मी फार थोड्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. अशा मुलाला मी कधी मध्येच थांबवलं नाही. मी बाजूला झालो.

एवढंसं. एक पाऊल. माझ्यासारखा काटकुळा माणूस हलला तर कितीशी फट पडणार? पण तो तेवढ्यातून गेला, दोरीवरून, हात लांब करून, आणि आमच्या पायांत आडवा पडला. त्याचा हातमोजा माझ्या बुटावर आला. मोज्यात चेंडू होता.

मग काय गलका! "टाकला! टाकला! गवतावरून उचलला!" सगळी माझीच शिकवलेली तोंडं. पंच एकटा, तो तिकडे बॅटीपाशी, त्याला इथलं काय दिसणार? तो तरातरा चालत आला. गावचा नाही, कुठला तरी क्रॅडॉक म्हणून. घामाने कॉलर वितळलेली. फार पूर्वी पंचाला शंका आली की तो प्रेक्षकांतल्या एखाद्या भल्या माणसाला विचारी. आता ती पद्धत गेली. पण हा जुन्याच वळणाचा. त्याने रांगेवरून नजर फिरवली आणि माझ्या दाढीशी थांबला.

"आजोबा, तुम्ही सगळ्यांत जवळ होतात. काय पाहिलंत?"

ऑगस्ट माझ्या कानाशी म्हणाला, "मास्तर, उचलला म्हणा. गवतावरून."

"ऑगस्ट, मी तुला खोटं बोलायला शिकवलं?"

"नाही मास्तर. ते मी घरीच शिकलो."

मागून कोणीतरी ओरडलं, "त्याला काय विचारता? भाचा आहे तो त्याचा!"

पंचाच्या भुवया वर गेल्या. "खरं?"

"खरं," मी म्हटलं.

"मग तुमच्या साक्षीचं मी काय करू?"

"ते तुम्ही ठरवा. मी तीस वर्षं कूपर्सचा आहे. हा पोरगा हरला तर माझी बहीण आनंदाने नाचेल, कारण तो घरी येईल. मलाही तेच हवं होतं. पण झेल झाला आहे. चेंडू जमिनीला लागला नाही. माझ्या बुटावर हातमोजा आदळला, त्यात चेंडू होता. बूट बघायचा तर बघा."

त्याने खरंच खाली वाकून बूट बघितला! मग उभा राहिला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सबंध मैदानाला ऐकू जाईल असा गरजला, "बाद!"

तुझी तार थांबली होती ती एवढ्या वेळासाठी.

नंतरचं ऐक. न्हावी माझी दाढी कातरतो पण बोलत नाही. कात्री मात्र फार जोरात वाजवतो. ऑगस्ट सोमवारी दारात आला. म्हणाला, "मास्तर, आमचं ठरलं. पुढच्या हंगामात तुम्ही दोरीला नाही. तुमच्यावर राग नाही, पण भिंतीत तुम्ही बसत नाही." आणि सॉअरक्राउटचं, त्यांच्या आंबवलेल्या कोबीचं, एक छोटं पिंप ठेवून गेला. मग लांबून ओरडला, "पण झेल होता झकास!"

आता तुझा प्रश्न. ठेवलं त्याला. मॅनेजरने तिथेच, मैदानातून बाहेर पडताना सांगितलं. स्टेशनवर तो मला मिठी मारून नाचला. आणि मी, गाढव मी, त्याला निळ्या खोलीचं सांगून टाकलं. त्याचा चेहरा असा उतरला! म्हणाला, "मामा, करार खिशात आहे. पण आईचं तोंड बघितल्याशिवाय सही करणार नाही." मी म्हटलं, अरे, तुमचं ठरलं होतं ना? म्हणाला, "ठरलं तेव्हा तिने खोली रंगवली नव्हती."

तो तुझ्याकडेच निघाला आहे. लव्हिनिया, आता दोरीपाशी तू आहेस. मी काही सांगत नाही.

ऑर्लँडो


स्टोनी फोर्क
८ ऑक्टोबर

प्रिय दादा,

आला. मंगळवारी आला, बूट पुसून आत आला, निळी खोली बघितली, "छान आहे" म्हणाला आणि सरळ शेतावर गेला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मका सोलला. हवेबद्दल बोललो. घोडीच्या नालाबद्दल बोललो. त्याच्या कोटाच्या खिशातून कागदाचं टोक दिसत होतं. तो कोट खुंटीला लावायचा आणि पाठ त्या खुंटीकडे करून बसायचा.

तिसऱ्या दिवशी जेवताना मीच म्हटलं, "तो झेल कसा घेतलास ते दाखव."

"आई, तुला काय कळणार त्यातलं?"

"मी पार्डीच्या चौकात होते. डीकनांची बाही फाडली."

त्याने चमचा खाली ठेवला. दादा, एवढा मोठा बाप्या, पण लाल झाला तो थेट कानांपर्यंत. मग जो सुरू झाला! ताट बाजूला, खुर्ची बाजूला, झाइट्झ कसा उभा होता, वारा कुठून होता, आवाज कसा आला. स्वयंपाकघर त्याला पुरेना. म्हणाला, "चल बाहेर."

अंगणात अजून उजेड होता. त्याने मला कोठाराच्या दारापाशी उभं केलं. "तू मामा. ही दोरी. मी तिकडून धावत येतो." चेंडू त्याच्याकडे होताच, कुठून काढला कोण जाणे. त्याने तो स्वतःच उंच फेकला आणि पाठ फिरवून माझ्याकडे धावत सुटला.

तू लिहिलेला चेहरा मी पाहिला. तू बरोबर लिहिलं आहेस. काव्याच्या नादात तू नेहमी वाढवून लिहितोस असं मला वाटायचं. या वेळी कमीच लिहिलंस.

आणि मी हलले नाही.

तो माझ्यापासून एका हातावर येऊन थांबला. चेंडू मागे कोंबड्यांमध्ये पडला. तो धापा टाकत होता. "आई, तू बाजूला व्हायचं असतं."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? पुन्हा ये."

तो पुन्हा लांब गेला, कुंपणापर्यंत. मी एप्रन सावरला, त्याची गरज नव्हती. चेंडू वर गेला, उजेडात चमकला, आणि तो आला. या वेळी मी हलले. माझ्या खांद्याला वारा लागला, आणि मागे वाळक्या गवतात धप्प झालं. मी वळून बघितलं तर तो उताणा पडून हसत होता आणि हात वर. मी विचारलं, "गवतावरून उचललास का रे?" तर म्हणाला, "पंच, आजोबांना विचारा!"

दिवा लावल्यावर त्याने सही केली. शाई सुकेपर्यंत कागद मीच धरून बसले होते. खालचं शेत शेजारच्या गॅलप भावांनी वाट्याने करायला घेतलं आहे. वरचं मला पुरे. हिवाळाभर तो इथे राहील आणि निळ्या खोलीत झोपेल. मार्चमध्ये जाईल.

आणि दादा, एप्रिलमध्ये हॅरो फॉल्स पुन्हा तुमच्या गावी येणार आहेत, थॅडने सांगितलं. मी येते आहे. दोरीपाशी उभं राहणं माझ्या गुडघ्यांना जमणार नाही आणि तुला आता तिथे कोणी घेणार नाही. तेव्हा स्टँडवर दोघांची जागा आत्तापासून सांगून ठेव. एक मात्र आधीच सांगते. मी पीठवाल्यांच्या बाजूने ओरडणार आहे, मोठ्याने, तुझ्या सगळ्या गावासमोर. शेजारी बसायची लाज वाटत असेल तर दोन रांगा मागे बस.

तुझी,
लव्हिनिया